घानामधला कोव्हिड : आकडे इतके कमी कसे?

गवतीचहा
ऑफिसातून मला अक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीत पाठवायचं घाटतंय, दोनेक वर्षांसाठी. त्यामुळे सध्या घानाबद्दल हाताला लागेल ते वाचतेय. वाचता वाचता कोव्हिडच्या आकड्यांपाशी अडकले.

देशाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार ३ कोटी ८ लाख. कोव्हिडचे नोंदलेले रुग्ण सुमारे १ लाख ७१ हजार, मृत्यू १,४६२. शून्य विसरलेलं नाही, चौदाशे बासष्टच. मुंबईची लोकसंख्या याच्या निम्म्याहून कमी आणि तिथला अधिकृत आकडा साडेएकोणीस हजारांच्या पुढे. म्हणजे अख्ख्या देशात मुंबईच्या दहावा हिस्साही नाही.

आता यात एक तर त्यांनी काहीतरी फार चांगलं केलं, किंवा मोजलंच नाही, किंवा नशीब. मला पहिलं पटतं, कारण सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनी जे केलं ते वाचून खरंच चकित झाले. पण नवरा म्हणतो, "कागदावर सगळेच देश छान असतात." त्या काळात तिथे राहिलेलं कोणी आहे का इथे?

(सासूबाईंचा वेगळाच धागा चालू आहे घरात : "तिकडे इबोला असतो, जाऊ नकोस.")

खोडरबर
पहिला!
येताना कोको पावडर आणा. बाकी चर्चा तज्ज्ञ करतील.

शंकासूर
यात कोडं काय आहे? टेस्ट करायची नाही, की रुग्ण नाही. रुग्ण नाही, की मृत्यूही नाही. आपल्याकडे काही राज्यांनी हेच केलं. गरीब देशांचे कमी आकडे बघून "तिथल्या लोकांची प्रतिकारशक्ती" वगैरे फॉरवर्ड फिरायचे तेव्हा, ते आठवून अजून डोकं फिरतं.

कटिंगचाय
सासूबाईंना सांगा की तो गिनी. हा घाना. २०१४ ची इबोलाची साथ गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये होती. घानात तेव्हा एकही रुग्ण सापडला नव्हता. उलट संयुक्त राष्ट्रांनी इबोलासाठी जी खास मोहीम उघडली तिचं मुख्यालय अक्रालाच होतं.

गवतीचहा
@कटिंगचाय, सांगितलं. "शेजारीच आहे ना?" असं उत्तर आलं.

टेमाचा_पाहुणा
मी होतो. टेमा म्हणजे अक्राच्या शेजारचं बंदर आणि कारखान्यांचं गाव, आपल्या न्हावा शेवा-तळोजा पट्ट्यासारखं. २०१६ ते २०२२ तिथे एका प्लांटवर काढली. जरा लांब लिहितोय.

पहिले दोन रुग्ण १२ मार्च २०२० च्या रात्री जाहीर झाले, एक नॉर्वेहून आलेला आणि एक तुर्कस्तानहून. रविवारी १५ तारखेला राष्ट्राध्यक्ष नाना आकुफो-आडो टीव्हीवर आले आणि शाळा, चर्च, मशिदी, लग्नं, सगळं बंद. २२ मार्चला मध्यरात्री सीमा बंद. त्या आधीच्या दोन दिवसांत जे हजारेक प्रवासी विमानाने उतरले, त्यांना घरी जाऊच दिलं नाही. थेट हॉटेलांत डांबलं, सरकारच्या खर्चाने, आणि सगळ्यांची टेस्ट केली. शंभरच्या वर पॉझिटिव्ह निघाले. ही माणसं त्या रात्री आपापल्या घरी आणि मग बाजारात गेली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. माझ्या मते घानाची सगळ्यात भारी चाल तीच.

मग ३० मार्चपासून अक्रा, टेमा, कासोआ आणि कुमासी एवढ्याच भागात लॉकडाऊन. पूर्ण देशात नाही. बरोबर तीन आठवड्यांनी, २० एप्रिलला उठवला. तेव्हा आमच्यासारख्यांनी कपाळावर हात मारला होता, कारण आकडे चढत होते आणि इकडे भारतात टाळेबंदी वाढवत नेत होते. पण राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर सरळ सांगितलं की रोज कमावून रोज खाणाऱ्यांना यापुढे घरात ठेवता येणार नाही. त्याआधी त्यांचं एक वाक्य जगभर फिरलं होतं : अर्थव्यवस्था पुन्हा जिवंत कशी करायची ते आम्हाला ठाऊक आहे, माणसं पुन्हा जिवंत कशी करायची ते नाही.

ही भाषणं "फेलो घानियन्स" अशी सुरू व्हायची. नंतर नंतर रविवारी संध्याकाळी आमचा सिक्युरिटी गार्डच गेटवर त्या आवाजात "फेलो घानियन्स" म्हणायचा आणि सगळे हसायचे. पण ऐकायचेही सगळे. वीज-पाण्याच्या बिलांतली सूट त्यातच जाहीर झाली ना! तीन महिने पाणी फुकट. वीज अगदी कमी वापरणाऱ्यांना फुकट, बाकीच्यांना निम्म्या दरात. याचे पैसे कोणी आणि कसे भरले ते पुढे कधीतरी.

शंकासूर
@टेमाचा_पाहुणा, छान लिहिलंत, पण हे सगळं सरकारने काय *जाहीर* केलं याबद्दल आहे. मूळ प्रश्न मृत्यूंचा आहे.

लॅबवाली
@शंकासूर, "टेस्ट करायची नाही" हे घानाच्या बाबतीत निदान सुरुवातीला तरी खरं नाही. २० एप्रिल २०२० पर्यंत त्यांच्याकडे ६८,५९१ टेस्टचे निकाल हातात होते आणि त्यात १,०४२ पॉझिटिव्ह. लोकसंख्येच्या मानाने तेव्हा भारतापेक्षा कितीतरी पुढे होते. आणि ते कसं जमवलं ते आमच्या क्षेत्रातल्यांना जाम आवडलं होतं, म्हणून सांगते.

किट कमी होती. घाना विद्यापीठाच्या नोगुची इन्स्टिट्यूटने नमुने एकत्र करून तपासायला सुरुवात केली. दहा जणांच्या घशातले नमुने, प्रत्येकाचा थोडाथोडा भाग एकाच नळीत, आणि त्या नळीची एक पीसीआर. निगेटिव्ह आली की दहाही जण मोकळे, एका किटमध्ये. पॉझिटिव्ह आली तर त्या दहांचे राखून ठेवलेले नमुने वेगवेगळे तपासायचे.

हे फक्त संसर्ग कमी असताना परवडतं. शंभरात दोनच जण बाधित असतील तर शंभर जणांना साधारण २८ किट लागतात. शंभरात वीस बाधित झाले, की जवळजवळ प्रत्येक नळी पॉझिटिव्ह येते आणि पुन्हा शंभरच लागतात. वर वेळ फुकट. म्हणजे ही युक्ती साथीच्या अगदी सुरुवातीलाच वापरायची असते, आणि त्यांनी तेव्हाच वापरली. आपल्याकडे आयसीएमआरने पाच-पाच नमुन्यांची परवानगी दिली होती, पण पुण्या-मुंबईत तोवर संसर्ग इतका वाढला की उपयोग राहिला नाही.

दुसरं म्हणजे ड्रोन. गावातल्या दवाखान्यांना रक्त आणि लशी पोचवायला झिपलाइन कंपनीचे ड्रोन घानात २०१९ पासून उडत होतेच. एप्रिल २०२० मध्ये त्यांच्यावर उलटं काम टाकलं : खेड्यातले नमुने शहरातल्या लॅबपर्यंत आणायचं. डब्याला कागदी पॅराशूट, वरून सोडायचा, खाली माणूस उचलतो. खराब रस्त्यावर गाडीने अख्खा दिवस जातो, त्याऐवजी तासाभरात नमुना टेबलावर.

खोडरबर
आमच्याकडे स्वॅबचा रिपोर्ट यायच्या आत माणूस बरा व्हायचा.

जोशीकाकू_ठाणे
आमच्या सोसायटीत तर रिपोर्ट शेजारच्यांच्या नावाने आला होता. त्यांच्या दाराला पत्रे ठोकले आणि आम्ही मोकळे फिरतोय.

बरं, गवतीचहा, अक्राला जात असशील तर एक सांगते. माझी भाची होती तिकडे. तिथे घानाचेच लोक गणपती बसवतात, आपले नव्हेत हं, तिथले काळे लोक, हिंदू झालेले. समुद्रावर विसर्जन करतात. फोटो पाहिलेत मी. काळजी करू नकोस.

कटिंगचाय
काकू, "तिथले काळे लोक" ऐवजी "घानाचे लोक" एवढं पुरतं की. बाकी माहिती बरोबर आहे. स्वामी घनानंद सरस्वती म्हणून घानाचेच एक स्वामी होते, त्यांनी अक्रात मठ उभा केला.

जोशीकाकू_ठाणे
बरं बाबा. घानाचे लोक.

नदीकाठची
ते शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणारे घानाचेच ना? २०२० मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज चार यायचे. "घरात बसा नाहीतर आमच्याबरोबर नाचा."

टेमाचा_पाहुणा
हो, तेच. बेंजामिन आयडू आणि त्याची मंडळी, अक्राच्या पूर्वेला प्रामप्राम म्हणून किनाऱ्यावरचं गाव आहे तिथली. बीबीसीने त्यांच्यावर २०१७ मध्येच वार्तांकन केलं होतं, व्हायरल २०२० मध्ये झाले. गंमत अशी की जगभर त्यांचे व्हिडिओ फिरत होते तेव्हा त्यांचा स्वतःचा धंदा बंद होता. अंत्यविधीला २५ पेक्षा जास्त माणसं नकोत असा नियम आला होता, मग पैसे देऊन नाचणारे कोण बोलावणार?

आणि @शंकासूर, तुमच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे. घानात अंत्यविधी हा लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. शनिवारी रस्त्याने जा, लाल-काळ्या कपड्यांतली माणसं, तंबू, प्लास्टिकच्या खुर्च्या, भोंगे. मृताचा मोठा फोटो असलेली पोस्टर भिंतींवर, विजेच्या खांबांवर लागतात. लांबचे नातेवाईक येईपर्यंत मृतदेह शवागारात आठवडेच्या आठवडे, कधी महिने ठेवतात. अशा ठिकाणी मृत्यू लपवणं सोपं नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात माझा भाऊ स्मशानाबाहेर टोकन घेऊन उभा होता. तसलं काही मी टेमा किंवा अक्रात पाहिलं नाही, कोणाकडून ऐकलंही नाही.

शंकासूर
भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण "मी पाहिलं नाही" हा पुरावा होत नाही हो.

आकडेमोड
इथे थोडी पाटी-पेन्सिल काढतो.

घानाचे नोंदलेले रुग्ण १,७१,००० आणि मृत्यू १,४६२. म्हणजे नोंदलेल्या शंभर रुग्णांमागे ०.८५ मृत्यू. भारतात हाच आकडा १.२ च्या आसपास. फार फरक नाही! म्हणजे घानात रुग्ण *मरत* नव्हते असं नाही. रुग्ण *नोंदले* कमी गेले. तीन कोटींत पावणेदोन लाख म्हणजे अर्धा टक्का जरा वर. संपूर्ण साथीत, ओमिक्रॉन धरून, फक्त अर्ध्या टक्क्याला लागण झाली यावर कोण विश्वास ठेवेल? अक्राच्या बाजारांत पहिल्याच वर्षी अँटीबॉडी तपासल्या तेव्हा अधिकृत आकड्यापेक्षा कितीतरी पट लोकांना होऊन गेल्याचं दिसलं होतं.

आता गृहीत धरू की निम्म्या लोकांना कधी ना कधी होऊन गेला. दीड कोटी. तिथलं मध्यवय सुमारे २१ वर्षं, म्हणजे निम्मा देश एकविसाच्या आत. पासष्टच्या वरचे चार टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे हजारात एकच दगावला असं धरू, हे मुद्दाम कमी धरतोय. तरी १५,००० होतात. नोंदलेल्याच्या दहापट.

आता उलट बाजू, टेमाकरांसाठी. घानात एरवीच दर वर्षी दोन लाखांच्या वर माणसं मरतात. दोन वर्षांत चार लाखांवर. त्यात १५,००० जास्तीचे, देशभर विखुरलेले, बहुतेक म्हातारे, बीपी-शुगरवाले. शनिवारच्या तंबूंच्या गर्दीत ते डोळ्यांना दिसणारच नाहीत. त्यामुळे तुम्ही पाहिलं ते खरं, आणि शंकासूर म्हणतात तेही बरंचसं खरं.

शंकासूर
"बरंचसं" का?

आकडेमोड
कारण तुम्ही "टेस्टच केली नाही" म्हणालात आणि लॅबवालींनी ते खोडलं. :)

लॅबवाली
आकडेमोड यांच्याशी सहमत. एक भर : जून २०२० नंतर घानाने धोरण बदललं. शोधून शोधून टेस्ट करण्याऐवजी लक्षणं असलेल्यांवर भर आला. किट, पैसा, माणसं, सगळंच पुरेनासं झालं होतं. म्हणजे सुरुवातीचा आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह, पुढचा हळूहळू पातळ होत गेलेला. २०२२ च्या आकड्यांवर तर मी फार विसंबणार नाही.

भटकभवानी
मी टामालेला होते, उत्तर घानात, एका पाण्याच्या प्रकल्पावर. अक्राची गोष्ट वेगळी आणि उत्तरेची वेगळी, हे कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते.

उत्तरेतल्या मुली अक्रा-कुमासीच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहायला जातात. त्यांना कायायेई म्हणतात. डोक्यावर ॲल्युमिनियमचं मोठं घमेलं, त्यात गिऱ्हाइकाचा माल, बऱ्याचदा पाठीला बांधलेलं मूल. राहायचं बाजारातच, फळीखाली किंवा पत्र्याच्या खोलीत दहा-पंधराजणी. लॉकडाऊन जाहीर झाला त्या शनिवार-रविवारी यांचं काय झालं असेल? ओझं नाही तर पैसा नाही, आणि "घरात राहा" म्हणे, तर घर शेकडो किलोमीटरवर उत्तरेत. काहीजणी मालाच्या ट्रकमध्ये लपून गावी निघाल्या होत्या, त्यांना वाटेत अडवून परत पाठवलं. बातम्यांत आलं होतं. मी ते टामालेत बसून बघितलं आणि पुढच्या आठवड्यात घरून नाशिक हायवेवरून चालत निघालेल्यांचे व्हिडिओ आले.

सरकारने आणि चर्चवाल्यांनी शिजवलेलं अन्न वाटलं हे खरं. पण वाटपाच्या ठिकाणी जी रेटारेटी झाली त्यात अंतर बिंतर काही नव्हतं. तीन आठवड्यांत उठवला ते शहाणपणच केलं. आणखी ताणला असता तर लोकांनी स्वतःच उठवला असता.

आमच्या बाजूला आजार फारसा जाणवला नाही. शाळा मात्र मार्चमध्ये बंद झाल्या त्या खालच्या इयत्तांसाठी थेट जानेवारी २०२१ ला उघडल्या. दहा महिने. आमच्या ऑफिसात झाडायला येणाऱ्या बाईंची मुलगी तेरा वर्षांची होती. जानेवारीत वर्गात परतली नाही. कुमासीला घमेलं घेऊन गेली होती.

नदीकाठची
अरेरे. तेरा वर्षं.

मुळामुठा
पुणेकर असल्याने गप्प बसवत नाही.

कोव्हॅक्स (गरीब देशांना लस पोचवायची जागतिक योजना) मधून लस मिळवणारा जगातला पहिला देश घाना. २४ फेब्रुवारी २०२१, अक्राच्या कोटोका विमानतळावर ६ लाख डोस उतरले. कुठून? आमच्या हडपसरहून. सीरमची कोव्हिशील्ड. १ मार्चला राष्ट्राध्यक्षांनी पत्नीसह टीव्हीसमोर टोचून घेतली. आमचे शेजारी सीरममध्ये पॅकिंगला, त्यांनी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, "आपला माल" म्हणून.

खोडरबर
चितळ्यांनंतर पुण्याची एवढी निर्यात प्रथमच.

कटिंगचाय
आणि मग? पुढचं पण सांगा की मुळामुठा.

मुळामुठा
सांगतो ना. मार्चअखेर आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि लशीची निर्यात थांबली. घानात ज्यांना मार्चमध्ये पहिला डोस मिळाला ते दुसऱ्याची वाट बघत बसले. भारताने भेट म्हणून ५० हजार पाठवले होते, ते किती पुरणार? मे महिन्यात काँगोने घानाला साडेतीन लाख डोस दिले, कारण काँगोत लोक घ्यायला तयार नव्हते आणि मुदत संपत आली होती. ते डोसही मूळचे सीरमचेच. हडपसर ते किन्शासा ते अक्रा.

तेव्हा आम्हाला इथे स्लॉट मिळत नव्हते, पहाटे उठून कोविन रिफ्रेश करत होतो. त्यामुळे निर्यात थांबवली हे चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तिकडच्या माणसाच्या बाजूने बघितलं तर पहिला डोस देऊन दुकान बंद केल्यासारखंच आहे.

टेमाचा_पाहुणा
मी त्यातलाच एक. मार्चमध्ये पहिला घेतला, मग नुसती वाट. आमच्या स्टोअरकीपरने मला विचारलं, "यू पीपल मेक इट, अँड यू आल्सो डोन्ट हॅव?" काय उत्तर देणार?

शंकासूर
@टेमाचा_पाहुणा, एक विचारायचं होतं. दवाखाने कधी भरले का?

टेमाचा_पाहुणा
भरले. मी वर "स्मशानाबाहेर रांग नव्हती" म्हटलं, दवाखान्यांबद्दल बोललो नव्हतो.

पहिली लाट जुलै २०२० ला. त्याआधी मे महिन्यात आमच्या टेमातच एका मासे प्रक्रिया कारखान्यात एका माणसापासून ५३३ जणांना झाला. राष्ट्राध्यक्षांनीच टीव्हीवर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्लांटच्या गेटवर नियम कडक. तिथे हात धुवायला व्हेरोनिका बकेट असते. उंच स्टँडवर झाकणाची बादली, तिला खाली नळ, नळाखाली घाण पाण्याचं भांडं, दोरीने बांधलेली साबणाची बाटली. व्हेरोनिका बेको नावाच्या घानाच्याच जीवशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये लॅबमध्ये हात धुण्यासाठी बनवलेली. कोव्हिडमध्ये प्रत्येक दुकान, बँक, चॉप बार (तिथली खानावळ), चर्चच्या दारात ती उभी. हात धुतल्याशिवाय गार्ड आत सोडायचा नाही, मग तुम्ही प्लांट मॅनेजर का असेना.

दुसरी लाट जास्त वाईट. डिसेंबर २०२० ला निवडणूक झाली, प्रचारात मास्कबिस्क कोणाला आठवत नव्हते. मास्क न लावल्यास ४ ते १० वर्षं कैद असा कायदा होता, पण सभेला हजारो उघडी तोंडं. जानेवारीत राष्ट्राध्यक्ष म्हणाले की उपचार केंद्रं रिकामी होती ती आता भरली आहेत. फेब्रुवारीत संसद तीन आठवडे बंद ठेवावी लागली, १७ खासदार आणि दीडशेवर कर्मचारी पॉझिटिव्ह. आमच्यातले एक सहकारी, दिल्लीचे, त्याच लाटेत अक्राच्या एका खासगी दवाखान्यात वारले. खाट मिळवायला अर्धी रात्र फिरलो होतो. आधी पैसे भरा, मग ऑक्सिजन. तिथून मृतदेह भारतात पाठवणं शक्य झालं नाही.

मग २०२१ च्या मध्यावर डेल्टा, डिसेंबरात ओमिक्रॉन. ओमिक्रॉन तर सर्दीसारखा गेला. २८ मार्च २०२२ ला मास्कची सक्ती उठली आणि जमिनीवरच्या सीमाही तेव्हाच उघडल्या, दोन वर्षांनी. टोगोच्या सीमेवर व्यापार करणाऱ्या बायका त्या दोन वर्षांत पार धुपल्या.

कटिंगचाय
त्यांच्याकडे एका मंत्र्याने राजीनामा दिला होता ना?

टेमाचा_पाहुणा
उपमंत्री, व्यापार खात्याचे, कार्लोस आहेनकोरा. जुलै २०२० मध्ये स्वतः पॉझिटिव्ह असताना विलगीकरण सोडून मतदार नोंदणी केंद्रावर गेले. बोभाटा झाला आणि राजीनामा द्यावा लागला. टेमाचेच खासदार.

खोडरबर
राजीनामा! दिला! आणि म्हणे गरीब देश.

आकडेमोड
टेमाकर, "पैसे कोणी भरले ते पुढे कधीतरी" म्हणाला होतात.

टेमाचा_पाहुणा
हां. २०२१ च्या बजेटमध्ये कोव्हिड आरोग्य कर आला, १ टक्का, वस्तू-सेवांवर. मास्क गेले, बादल्या गोदामात गेल्या, तरी पावतीवर तो वेगळ्या ओळीत छापून यायचा. मॉलमधून साबण घ्या, "कोव्हिड लेव्ही". मग मोबाइलवरून पैसे पाठवण्यावर ई-लेव्ही. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४ टक्क्यांवर आणि देशाने बाहेरच्या कर्जांचे हप्ते थांबवले. २०२३ मध्ये नाणेनिधीकडून ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. सगळं कोव्हिडमुळे नाही. कर्ज आधीपासून फुगलेलं होतं आणि युक्रेनच्या युद्धाने भर घातली. पण आता तिथल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि कोव्हिडचा विषय निघाला, तर तो आजाराबद्दल बोलत नाही. सेडी (तिथलं चलन) कसा पडला, भाडं किती झालं, केंकीचा (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा) गोळा केवढासा राहिला, हे बोलतो.

भटकभवानी
+१. टामालेतही हेच.

शंकासूर
गवतीचहा, तर मूळ प्रश्नाकडे. माझं मत थोडं सैल करतो : पहिले तीन-चार महिने सरकारने खरंच चांगलं हाताळलं, वय तरुण होतं म्हणून वाचले, आणि मोजणी शेवटी शेवटी नावापुरती. १,४६२ हा आकडा मी तरी कुठे तुलनेला वापरणार नाही. मुंबईशी तर अजिबात नाही. मुंबईत निदान प्रत्येक मृत्यूची नोंद होते, मृत्यूचं कारण काय लिहायचं यावर भले भांडणं असतील.

आकडेमोड
हे मात्र शंभर टक्के. मुंबईचा आकडा मोठा दिसतो त्यात मुंबईची मोजणी चांगली असणं हाही मोठा भाग आहे.

गवतीचहा
सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला. तो म्हणतो "कागदावर" हे त्याचंच खरं ठरलं, मी म्हणते पहिले चार महिने माझे. जायचं जवळपास नक्की आहे. सासूबाई आता मलेरियावर आल्यात.

लॅबवाली
सासूबाई या वेळी बरोबर आहेत. घानात काळजी करायची ती मलेरियाचीच. संध्याकाळी पूर्ण बाह्या, मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

मुळामुठा
मलेरियाच्या आर-२१ लशीला परवानगी देणारा जगातला पहिला देशही घानाच, एप्रिल २०२३. आणि ती बनवतं कोण? सांगायलाच हवं का? (लहान मुलांसाठी आहे, तुम्हाला नाही मिळणार.)

खोडरबर
आला, पुणेकर परत आला.

टेमाचा_पाहुणा
गवतीचहा, पिवळ्या तापाची लस घेतलीत का? ते पिवळं कार्ड नसेल तर कोटोकावर अडवतात. निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, तरच कार्ड ग्राह्य धरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. परत येतानाही लागतं, भारतात उतरताना तपासतात आणि नसेल तर विलगीकरणात टाकतात. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, तारीख आधी घ्यावी लागते.

गवतीचहा
नाही घेतली अजून! उद्याच फोन करते. घराबद्दल व्यक्तिगत निरोप करू का? ऑफिसवाले अक्रातला ओसू किंवा ईस्ट लेगॉन म्हणतायत.

टेमाचा_पाहुणा
करा. ऑफिस कुठे आहे ते आधी सांगा, तिथलं ट्रॅफिक बघूनच घर घ्यायचं. आणि घरमालक दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागेल, घाबरू नका, तिथे सगळेच मागतात. घासाघीस करा.